स्पॅनिश बोलणाऱ्या लहान मुलांना इंग्रजी वाचायला शिकवताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी कोल्हापुरात राजारामपुरीत राहते. यजमानांच्या नोकरीमुळे आम्ही काही वर्षं टेक्सासमध्ये, सॅन अँटोनियोला होतो. तिथे आमच्या भागातल्या सार्वजनिक वाचनालयात संध्याकाळी शाळेतली मुलं अभ्यासाला यायची. बहुतेकांच्या घरी स्पॅनिश. त्यांच्याबरोबर बसून इंग्रजी वाचून घ्यायचं काम मी आवडीनं अंगावर घेतलं. परत आल्यावर तेच काम व्हिडिओ कॉलवर चालू ठेवलं. आता ओळखीतल्या निवृत्त शिक्षिका, कॉलेजच्या मुली, कुणाची तिकडे राहणारी सून असे बरेच जण विचारायला येतात. प्रश्न साधारण तेच असतात, म्हणून उत्तरं एकदाची लिहून काढली.

कोल्हापुरात बसून तिकडच्या मुलांची वेळ कशी जुळवायची?

पहाटे उठायची तयारी ठेवा. उन्हाळ्यात टेक्सासमध्ये संध्याकाळचे सात वाजतात तेव्हा आपल्याकडे दुसऱ्या दिवशीचे पहाटेचे साडेपाच झालेले असतात. नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी तिकडे घड्याळ तासभर मागे घेतात, मग तीच वेळ आपल्याकडे साडेसहा होते. मार्चच्या दुसऱ्या रविवारी पुन्हा साडेपाच. हे दोन रविवार भिंतीवरच्या कॅलेंडरवर गोल करून ठेवा, नाहीतर मूल तिकडे तासभर वाट बघत बसतं. मेक्सिकोच्या बहुतेक भागात २०२२ पासून घड्याळ बदलणं बंद झालंय, त्यामुळे तिथले संध्याकाळचे सहा म्हणजे आपले साडेपाच, बारा महिने. स्पेनमधलं मूल असेल तर मात्र रात्री जागावं लागतं. त्यांचे संध्याकाळचे सहा म्हणजे आपले उन्हाळ्यात साडेनऊ आणि हिवाळ्यात साडेदहा.

मी लॅपटॉप उघडते तेव्हा गल्लीत दूधवाला आलेला असतो आणि पडद्यावर त्या घरात रात्रीच्या जेवणाची भांडी वाजत असतात.

मला स्पॅनिश येत नाही. चालेल का?

चालेल. पण शंभरेक शब्द शिकून घ्या, आणि सगळ्यात आधी मुलाचं नाव नीट म्हणायला शिका. इंग्रजी जे अक्षरानं सुरू होणारं नाव स्पॅनिशमध्ये ह किंवा ख सारखं उच्चारतात: होसे, होर्हे, हाविएर, हिमेना. शाळेत दिवसभर कुणी ना कुणी त्या नावाची मोडतोड केलेली असते. पहिल्याच दिवशी तुम्ही 'हिमेना' म्हणालात की पोरीचा चेहरा बदलतो. आडनावं दोन असतात, आधी वडिलांकडचं, मग आईकडचं. दोन्ही लिहा.

या मुलांचं अडतं नेमकं कुठे?

याच प्रश्नाला सगळ्यात जास्त वेळ द्या, कारण हे कळलं की निम्मं काम झालं.

स्पॅनिश ही लिहिल्याप्रमाणे वाचायची भाषा आहे. स्वर पाच आणि त्यांची अक्षरं पाच: आ, ए, ई, ओ, ऊ. अक्षर दिसलं की आवाज ठरलेला. इंग्रजीत अक्षरं तीच पाच, पण स्वरांचे आवाज बोलीप्रमाणे पंधरा ते वीस. सात वर्षांच्या एका मुलापुढे मी तीन कार्डं ठेवली होती: हॅट, हॉट, हट. त्यानं एकेका अक्षराखाली बोट सरकवत खणखणीत आवाजात वाचलं, "आत, ओत, ऊत."

वरवर बघणारा म्हणेल, तिन्ही चुकले. पण त्यानं काय केलं ते बघा. स्पॅनिशमध्ये एच मुका असतो, तो त्यानं सोडला. ए चा आ, ओ चा ओ, यू चा ऊ. त्याच्या भाषेचे नियम त्यानं तंतोतंत पाळले होते. ज्या मुलाला नियम असे पाळता येतात त्याला वाचायला येतं. त्याला फक्त दुसऱ्या घरचे नियम सांगायचे आहेत. हे मूल 'कच्चं' आहे असं कुणी म्हणालं की मला खरोखर वाईट वाटतं.

आपण मराठी माणसं हे चटकन समजू शकतो. आपलंही वाचन अक्षराला धरून चालतं. इंग्रजी शब्द लिहायची वेळ आली तेव्हा आपल्या लिपीला ॲ आणि ऑ ही दोन चिन्हं नव्यानं करून घ्यावी लागली. कॅट, कट, कॉट हे आपण वेगळे लिहून दाखवू शकतो. स्पॅनिश मुलाच्या कानाला सुरुवातीला हे तिन्ही 'आ'च्या आसपासचे एकच वाटतात. म्हणून आधी कान तयार करा, अक्षर नंतर. मी दोन चित्रं दाखवते, शब्द म्हणते आणि मुलानं नुसतं बोट ठेवायचं. शिप की शीप? बिट की बीट? आठवडाभर रोज पाच मिनिटं हेच.

बाकीच्या अडचणी ओळखायला सोप्या आहेत. एस आणि त्याला लागून दुसरं व्यंजन अशी स्पॅनिश शब्दाची सुरुवात होत नाही, म्हणून 'स्कूल'चं 'एस्कूल' होतं. हिंदी भागातलं 'इस्कूल' आठवा, कारण तेच. त्यांच्याकडे च आहे, पण बहुतेक बोलींत श नाही, म्हणून 'शूज'चं 'चूज' होतं. बी आणि व्ही या दोन अक्षरांचा आवाज एकच. 'येस'चं 'जेस' होतं. शब्दाच्या शेवटी दोन-तीन व्यंजनं एकत्र आली की शेवटचं गळून पडतं. 'जम्प्ट'चं नुसतं 'जम्प' होतं आणि गोष्टीतली कालची उडी आजची होऊन जाते! भूतकाळाच्या ई-डी चे तीन आवाज आहेत, जम्प्टमध्ये ट, प्लेडमध्ये ड, वाँटेडमध्ये इड. ते तीन खोके करून शिकवा.

बाराखडीसारखं काही वापरता येतं का?

येतं, आणि मुलांना ते ओळखीचं वाटतं. स्पॅनिश शाळांतून वाचनाची सुरुवात मा-मे-मी-मो-मू अशीच होते. "मी मामा मे मीमा", म्हणजे आई माझे लाड करते, हे वाक्य तिकडच्या कितीतरी पिढ्यांनी गिरवलंय. आपल्या बाराखडीचीच मावसबहीण म्हणा. त्यामुळे टाळ्या वाजवत शब्दाचे तुकडे पाडणं या मुलांना छान जमतं.

अडचण पुढे येते. इंग्रजी शब्द असा म-चा-मा करून फोडला तर हाती फार लागत नाही. तिथे शेवटचा तुकडा धरावा लागतो: कॅट, हॅट, मॅट, रॅट. शेपूट तेच, तोंड बदलायचं. मी यासाठी जुन्या लग्नपत्रिकांच्या कोऱ्या बाजूवर अक्षरं लिहून कार्डं केली आहेत. जाड कागद, वर्षानुवर्षं टिकतो, आणि आपल्याकडे लग्नसराईत पत्रिकांना तोटा नाही. लाल शाईत स्वर, निळ्या शाईत व्यंजनं. शेवटच्या मुक्या ई चं कार्ड मी पिवळं ठेवलंय. ते 'कॅप'च्या शेवटी सरकवलं की 'केप' होतं, 'बिट'च्या शेवटी सरकवलं की 'बाइट'. मुलं हे कार्ड स्वतः मागून घेतात.

एका बैठकीत काय काय करायचं?

पस्तीस ते चाळीस मिनिटं पुरे. मूल शाळेतून दमून आलेलं असतं. आधी थोड्या गप्पा, शाळेत काय झालं, जेवायला काय होतं. मग कान तयार करायचा खेळ, मग कार्डं. त्यानंतर मूल एक छोटा उतारा मोठ्यानं वाचतं. त्यात शिकवलेलेच आवाज असावेत, म्हणजे अंदाजानं वाचायची सवय लागत नाही. 'द', 'सेड', 'वॉज' असे नियम मोडणारे शब्द एका वेळी दोन-तीनच द्या. शेवटची दहा मिनिटं तुम्ही वाचा आणि मुलाला नुसतं ऐकू द्या. घाई झाली तर बाकी काहीही गाळा, हे गाळू नका.

मूल भराभर वाचतं, पण विचारलं तर काहीच सांगता येत नाही. असं का?

रामरक्षा आठवा. आपल्यापैकी कितीतरी जणांनी लहानपणी दिवेलागणीला रामरक्षा पुस्तकात बघून घडाघडा वाचली आहे. लिपी ओळखीची, उच्चार स्वच्छ. अर्थ? फार तर चार शब्दांचा. या मुलांचं इंग्रजी वाचन पुष्कळदा तसं असतं.

गफ आणि टन्मर या दोन अभ्यासकांनी १९८६ मध्ये हे एका साध्या सूत्रात मांडलं: वाचन म्हणजे अक्षरं उलगडण्याची क्षमता गुणिले भाषा समजण्याची क्षमता. इथे बेरीज नाही, गुणाकार आहे. एक बाजू शून्य असेल तर उत्तर शून्य. म्हणून नुसता अक्षरांचा सराव वाढवून उपयोग नसतो. वाचायच्या आधी चित्रांवर बोला. उताऱ्यातले चार-पाच शब्द हातवारे करून, वस्तू दाखवून ओळखीचे करा. आणि वाचून झाल्यावर गोष्ट त्याला स्वतःच्या भाषेत सांगू द्या. तुम्हाला स्पॅनिश येत नसलं तरी मूल अडखळतंय की रंगून सांगतंय हे आवाजावरून लगेच कळतं.

मग तासाला स्पॅनिश बोलू द्यायचं? सवय बिघडणार नाही का?

बोलू द्या. पालकांनाही हेच सांगा. कुणीतरी त्यांना सांगितलेलं असतं की घरी फक्त इंग्रजीच बोला, आणि मग तुटक्या इंग्रजीत दोन वाक्यं बोलून ती आई गप्प बसते. मूल एका भाषेला मुकतं आणि दुसरी काही त्यानं येत नाही. आपल्याकडे इंग्लिश मीडियमच्या मुलांच्या घरी हेच बघते मी.

एका भाषेत वाचायला शिकलेलं दुसऱ्या भाषेत उपयोगी पडतं, यावर भरपूर अभ्यास झालाय. अमेरिकेत नेमलेल्या तज्ज्ञांच्या मंडळाचा अहवाल २००६ मध्ये आला. घरी दुसरी भाषा बोलणाऱ्या मुलांविषयीचं सगळं संशोधन त्यात तपासलं होतं. ओळखीच्या भाषेतलं वाचन आड येत नाही, आधार देतं, हे त्यातून नीट पुढे आलं. तोंडी इंग्रजी वाढवल्याशिवाय समज वाढत नाही, हेही. आईला इंग्रजी येत नसेल तर तिला म्हणा, रोज रात्री दहा मिनिटं स्पॅनिश पुस्तक वाचून दाखवा. ते इंग्रजीचंच काम आहे.

माझी आजी पंचगंगेकाठच्या खेड्यातली. "मी आलो, मी गेलो" म्हणायची, आपल्या भागातल्या बायका म्हणतात तसं. मीही तसंच बोलत शाळेत गेले. पहिलीच्या बाईंनी ते चुकीचं म्हटलं नाही. "घरी आलो म्हण, वहीत आले लिही," एवढंच सांगितलं. त्या बाईंची मला पहाटे लॅपटॉपसमोर बसल्यावर पुष्कळदा आठवण येते.

दोन्ही भाषांत सारखे शब्द पुष्कळ आहेत म्हणे?

हजारोंनी आहेत. आनिमाल, ओस्पिताल, फामिलिया, मूसिका, प्लानेता, एलेफान्ते. वाचताना मूल अडलं की विचारा, "हा शब्द घरच्या कुठल्या शब्दासारखा दिसतो?" सिओननं संपणारे शब्द तर खजिनाच आहे. इन्फोर्मासिओनचं इन्फर्मेशन, एदुकासिओनचं एज्युकेशन. इंग्रजी मुलांना जे शब्द जड वाटतात, तेच या मुलांच्या घरात रोज बोलले जातात.

फसवे शब्दही आहेत. आपल्या 'शिक्षा'सारखे: हिंदीत शिकवणं, मराठीत दंड. स्पॅनिश रोपा म्हणजे कपडे, रोप म्हणजे दोरी नव्हे. कार्पेता म्हणजे कागद ठेवायची फाइल, कार्पेट नव्हे. एक्सितो म्हणजे यश. एम्बारासादा म्हणजे गरोदर, एम्बॅरॅस्ड नव्हे. हा शेवटचा मोठ्या मुलींना आवर्जून सांगा. आणि सोपा म्हणजे सूप, सोप म्हणजे साबण नव्हे. कोल्हापूरच्या जुन्या घराचा सोपा, म्हणजे ओसरी, माहीत असणाऱ्या मला हा शब्द पहिल्यांदा ऐकताना फार आपला वाटला होता.

मूल बोलतच नाही. काय करू?

थांबा. नव्या भाषेत शिरणारी बरीच मुलं काही आठवडे, कधी काही महिने, नुसती ऐकतात. त्या काळात बोट दाखवणं, मान हलवणं, चित्र काढणं हीच उत्तरं समजा.

मी एकदा उलट वागले, ते सांगते. आठ वर्षांची मुलगी होती, घरचे मेक्सिकोहून आलेले. ती वाचायची आणि मी प्रत्येक शब्दाला थांबवून दुरुस्त करायची. माझ्या मते मी मन लावून शिकवत होते. तिसऱ्या आठवड्यात तिनं कॅमेरा बंद ठेवायला सुरुवात केली, मग आवाजही. तिची आई लाजून सांगायची, ती आहे इथेच. मी दुरुस्त करणं थांबवलं आणि रोज नुसतं वाचून दाखवू लागले, तिच्या काळ्या चौकोनाकडे बघत.

मे महिना होता. वर्षाची चटणी करायची म्हणून ब्याडगी आणि संकेश्वरी मिरच्या आणल्या होत्या. रात्री वळवाचा पाऊस आला म्हणून गच्चीवरच्या मिरच्या घाईनं खाली घेतल्या आणि माझ्या मागेच चादरीवर पसरल्या. पहाटे वाचत होते, तेवढ्यात लॅपटॉपमधून आवाज आला, "चिलेस!"

कॅमेरा लागला. तिची आजी गावाकडे अशाच मिरच्या वाळवायची, हे तिनं अर्धं स्पॅनिशमध्ये, अर्धं इंग्रजीत सांगितलं. मिरची आपल्याकडे आली तीच मुळी अमेरिका खंडातून, पोर्तुगीजांबरोबर. चिले हा शब्द मेक्सिकोतल्या जुन्या नाहुआतल् भाषेतला. टोमॅटो आणि चॉकलेटही तिथलेच. हे मी तिला सांगितलं तेव्हा तिनं ओरडून आजीला फोनवर बोलावलं! त्या दिवशी ती जे बोलली ते मी तिच्याच शब्दांत इंग्रजीत लिहून घेतलं, चार ओळी: माझ्या आजीकडे मिरच्या आहेत, मिरच्या लाल आहेत, माझ्या बाईंकडे मिरच्या आहेत, खूप खूप लाल. दुसऱ्या दिवशी तिनं त्या चारही ओळी न अडखळता वाचल्या, कारण त्या तिच्याच होत्या.

तेव्हापासून प्रत्येक मुलासाठी मी अशी वही करते. मूल बोलतं, मी लिहिते, मूल वाचतं. छापील पुस्तक त्यानंतर.

उच्चार किती सुधारायचे?

अर्थ बदलत असेल तेवढेच. 'शूज'ला 'चूज' म्हणणाऱ्या मुलानं बुटाच्या चित्रावर बोट ठेवलं तर त्यानं बरोबर वाचलंय. आपला स्वतःचा उच्चारही मराठी वळणाचा असतो, व्ही आणि डब्ल्यू आपण एकच म्हणतो. त्याची लाज नको. पण कानाच्या खेळासाठी तिकडच्या उच्चारातलं ध्वनिमुद्रण वापरा, कारण मुलाला शाळेत तेच ऐकायचं आहे.

डिस्लेक्सिया, म्हणजे वाचण्या-लिहिण्यातली जन्मजात अडचण, असेल तर कसं ओळखायचं?

ओळखायचं काम आपलं नाही. एक गोष्ट मात्र बघा, मुलाला स्पॅनिश वाचताना तीच अडचण येते का? स्पॅनिश छान वाचत असेल तर बहुधा प्रश्न नव्या भाषेचा आहे. स्पॅनिशमध्येही अक्षर-आवाजाची जोडी लागत नसेल, सोप्या शब्दावर दम लागत असेल, तर पालकांना शाळेकडे लेखी तपासणी मागायला सांगा. अमेरिकेच्या कायद्यात अशी तपासणी शक्य तिथे मुलाच्या घरच्या भाषेत व्हावी अशी तरतूद आहे, हे पुष्कळ पालकांना ठाऊक नसतं.

घरच्यांशी काय बोलावं, काय टाळावं?

तासाच्या वेळी घरातलं मोठं माणूस त्याच खोलीत असू द्या. फोटो आणि रेकॉर्डिंग नको. आणि कागदपत्रांविषयी, कुठून कसे आलात याविषयी, कधीही विचारू नका. तिथल्या सर्वोच्च न्यायालयानं १९८२ मध्येच निकाल दिलाय की कागदपत्रं नाहीत म्हणून मुलाला सरकारी शाळेतून वगळता येणार नाही. शाळा जे विचारत नाही ते आपण का विचारावं? आपल्या कोल्हापुरात शाहू महाराजांनी १९१७ मध्ये प्राथमिक शिक्षण मोफत आणि सक्तीचं केलं, ते सगळ्यांच्या मुलांसाठी. मुलाला वाचता यावं, एवढंच आपल्याला बघायचंय.

पुस्तकं कुठून आणायची?

तिकडच्या सार्वजनिक वाचनालयातून, फुकट. तिथे बालविभागात स्पॅनिश-इंग्रजी दोन्ही असलेली पुस्तकंही मिळतात. कुटुंबानं अजून कार्ड काढलं नसेल तर पहिल्याच आठवड्यात काढायला लावा.

लाइट गेली, नेट गेलं तर?

फोनवर तास घ्या. कानाचा खेळ अशा वेळी चित्रांशिवाय, नुसत्या आवाजावरही घेता येतो. २०२१ च्या जुलैत पंचगंगेला पूर आला तेव्हा मी आठवडाभर असेच तास घेतले. मुलाच्या घरी कार्डांचा एक संच आधीच करून ठेवायला सांगा.

फी किती घ्यावी?

मी घेत नाही. कॉलेजच्या मुलींनी घ्यायला माझी काहीच हरकत नाही, पण रक्कम पहिल्या दिवशी स्पष्ट सांगा.

हे आपल्या सेमी-इंग्रजीच्या मुलांना चालेल का?

जवळजवळ सगळं चालेल. मुका ई, शेपटाचे शब्द, मुलाच्या तोंडची वही, सगळं. एस्कूल आणि चूज मात्र वगळा. आपल्या मुलांचं अडतं ते दुसरीकडे, व्ही-डब्ल्यू आणि लांब-आखूड स्वरांत. माझ्याकडे संध्याकाळी गल्लीतली चार मुलं येतात, कार्डं तीच.

किती दिवसांत वाचायला लागतं?

आठवड्यातून तीनदा बसलात आणि मूल स्पॅनिश वाचत असेल, तर माझ्या अनुभवात पाच-सहा महिन्यांत सोपी पुस्तकं स्वतः वाचू लागतं. खेळातलं, गप्पांचं इंग्रजी वर्ष-दोन वर्षांत येतं. शाळेच्या पुस्तकातलं इंग्रजी पुरतं हाताशी यायला पाच ते सात वर्षं लागतात, हे शिक्षणातले अभ्यासक फार पूर्वीपासून सांगत आलेत. पालकांना हा आकडा सुरुवातीलाच सांगा, म्हणजे सहाव्या महिन्यात ते मुलावर चिडणार नाहीत. मिरच्यांवाली मुलगी आता पाचवीत आहे. गेल्या आठवड्यात तिनं धाकट्या भावाला मांडीवर घेतलं आणि माझ्यासमोर त्याला वाचून दाखवलं. तो मध्येच स्पॅनिशमध्ये काहीतरी विचारायचा, ती स्पॅनिशमध्ये सांगायची, आणि बोट न हलवता पुढची ओळ इंग्रजीत चालू.